बाटली आडवी झाली, आता एक खोली द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सरपंच

सरपंचताई आणि सरपंचभाऊ,


तुमच्या दारात मागणी घेऊन येणाऱ्यांची रांग रोजचीच. कुणाला गटार हवे, कुणाला घरकुल, कुणाला पाणंद रस्ता. माझी मागणी त्या मानाने फार स्वस्तातली आहे. गावातली एक खोली, आठवड्यातून एका संध्याकाळी, दीड तासापुरती. दारू सोडू पाहणारी माणसे तिथे बसतील, बोलतील आणि आपापल्या घरी जातील. त्यासाठी निधी नको, आराखडा नको, ठेकेदार नको. किल्ली तेवढी हवी.

हे पत्र आरोग्यमंत्र्यांना लिही, असे मला काहींनी सुचवले. मंत्री योजना आणतील, जाहिरात काढतील. पण समाजमंदिराची किल्ली मंत्रालयात नसते, ती तुमच्या शिपायाच्या खिशात असते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि सरपंचांची निम्मी पदे कायद्याने महिलांसाठी राखीव आहेत. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्यांत पुष्कळजणी अशा असतील, ज्यांना दारू काय करते हे पंचायतीच्या खुर्चीवर बसण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

माझी ओळख एवढीच, की दारू सोडणाऱ्यांच्या अशाच मीटिंगला जाणाऱ्या एका माणसाची मी बायको आहे, आणि अशा माणसांच्या घरच्यांची जी वेगळी मीटिंग भरते तिला मी जाते. नाव लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल. लिहिते आहे ती स्वतःच्या जबाबदारीवर, कोणत्याही संस्थेच्या वतीने नाही.

आपल्या राज्यात बायकांच्या हातात एक मोठे हत्यार आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की परवान्याच्या दारू दुकानावर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकानाला कुलूप. कितीतरी गावांत बायकांनी उन्हात रांगा लावून ही बाटली आडवी केली. जिल्ह्याच्या पातळीवरही बंदी झाली आहे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली.

बंदी असावी की नसावी, या वादात मला पडायचे नाही. मला विचारायचे आहे ते दुकान बंद झाले त्या दिवशीच्या संध्याकाळबद्दल. ज्याचे अंग पंधरा वर्षे सात वाजले की दारू मागते आहे, तो त्या संध्याकाळी काय करतो? शेजारच्या गावी जातो, हातभट्टी हुडकतो, नाहीतर घरात कापत पडून राहतो. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, पेपरात बायकांचा फोटो आला, तंटामुक्ती समितीने पाठ थोपटली. ज्याच्यासाठी हे सगळे केले, त्याला कुठे जाऊन बस हे मात्र कुणी सांगितले नाही. दारूची जागा बंद करायची तर दारूवाचून बसायची जागा उघडायला हवी. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे.

ही जागा कशी निघाली, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेने १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी करून पाहिली. ती उठल्यावर सुमारे दीड वर्षाने, १९३५ च्या मे महिन्यात, बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला एक माणूस कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी आला होता. काम फिसकटले. पाच महिन्यांपासून दारू सुटलेली, खिसा रिकामा, गाव परके, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला बार. त्याने काय करावे? तिथे लावलेल्या चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. उपदेश करणारा कुणी त्याला नको होता. आपल्यासारखाच एखादा दारुडा गाठून द्या, अशी त्याची मागणी होती. कारण दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत असलो की आपली तलफ हटते, हे त्याच्या ध्यानात आले होते. अखेर त्याची गाठ त्याच गावातल्या बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टर तेव्हाही पीत होते. पंधरा मिनिटांपलीकडे बसणार नाही म्हणून आले आणि तासन् तास बसले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. तोच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा स्थापनादिन मानला जातो.

बिल विल्सन डॉक्टरला सुधारायला गेला नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता, आणि त्यात दोघेही वाचले. पुढची सगळी उभारणी या एका अनुभवावर आहे. १९३९ साली त्यांचे पुस्तक आले, त्यात दारूतून सावरण्याच्या बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. १९५७ साली ही चळवळ भारतात आली. आज मुंबई, पुणे आणि गोव्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी अशा निरनिराळ्या भाषांत तिच्या मीटिंगा भरतात. मुंबईतल्या माणसाला एक हुकली तर दुसरी सापडते. नव्या माणसाला तर पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर असे सांगायची पद्धत आहे. आमच्या भागात आठवड्याला एक मिळाली तरी नशीब, तीही तालुक्याला.

आता, या खोलीत चालते तरी काय, हे तुम्हाला माहीत हवे. किल्ली देणाऱ्याने ते विचारलेच पाहिजे.

दहा-पंधरा खुर्च्या किंवा एक सतरंजी. एकजण त्या दिवसापुरता मीटिंग चालवतो. तो पुढारी नसतो, पाळी बदलत राहते. सुरुवातीला थोडे वाचन, मग शेअरिंग. ज्याला बोलायचे तो आपले पहिले नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःचे बोलतो. कुणी मध्ये तोडत नाही, कुणी सल्ला देत नाही, कुणी वाद घालत नाही. बोलायचे नसेल तर ‘आज ऐकतो’ म्हटले की झाले. ज्याला बायकोचे डोरले विकल्याचे भर चावडीत कबूल करता येणार नाही, तो तिथे ते बोलतो. कारण समोरच्या चौघांनीही कधीतरी काहीतरी विकलेले असते. वर्ष पूर्ण झालेल्याचा वाढदिवस करतात. घसरून परत आलेल्यालाही तितक्याच मोकळेपणाने खुर्ची देतात. त्याला तिथे ‘स्लिप झाली’ म्हणतात आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात. जन्मभराची शपथ कुणालाच घ्यायला लावत नाहीत. आजचा दिवस प्यायचे नाही, उद्याचे उद्या. शेवटी प्रार्थना, चहा आणि घर.

प्रवेशाला अट एकच, दारू सोडायची इच्छा. जात, धर्म, पक्ष, शिक्षण कुणी विचारत नाही. फी नाही. चहाचा आणि जागेचा खर्च भागवायला एक पेटी फिरते. टाकायचे तर टाका. काही मीटिंगा ओपन असतात, तिथे घरचे, डॉक्टर, शिक्षक असे कुणीही बसू शकते. क्लोज्ड मीटिंग फक्त सोडू पाहणाऱ्यांची. तुम्हाला स्वतः पाहायचे असेल तर तालुक्याच्या एखाद्या ओपन मीटिंगला जाऊन मागे बसा. सरपंच म्हणून नको, नुसते ऐकायला.

बारा पायऱ्यांत देवाचे नाव येते, म्हणून काहीजण बिचकतात. हा धर्मप्रसार तर नाही ना, असेही गावात कुजबुजतात, कारण शहरात पुष्कळ मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. त्याचे कारण साधे आहे. त्या हॉलवाल्यांनी जागा दिली, आपण दिली नाही. आपल्याहून मोठी शक्ती कोणती मानायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. कुणी विठोबा मानतो, कुणी अल्ला, आणि देव न मानणारा त्या खोलीतल्या माणसांच्या एकीलाच मोठी शक्ती मानतो.

आणि खरे सांगायचे तर ही रीत आपल्या मातीला परकी नाही. गळ्यात माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. नुसत्या माळेने ती सुटत नाही. माळेबरोबर एकादशी येते, संध्याकाळचा हरिपाठ येतो, आषाढीची वाट येते आणि ‘आज भजनाला आला नाहीस’ म्हणून दारात येऊन विचारणारे चार माळकरी येतात. ज्याला ही चार माणसे लाभली त्याची माळ टिकली. ज्याने घरच्यांच्या धाकाने घातली आणि एकटाच राहिला, त्याची खुंटीला गेली. मीटिंग म्हणजे हीच चार माणसे, फक्त माळ न घालता. ज्याला भजनाची वाट मानवते त्याने त्या वाटेने जावे. ज्याला ती मानवत नाही त्याच्यासाठी दुसरे दार असावे.

आज या दारापर्यंत माणूस कसा पोचतो? बहुधा पोचतच नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसली का होईना मदत मिळाल्याचे त्यात आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० मध्ये एक. उरलेले सदतीस काय करतात, हे तुमच्या गावात तुम्ही रोज पाहता.

घरच्यांचा शोध कुठून सुरू होतो तेही सांगते. आधी शपथ, मग अंगारा, मग कुठल्याशा गावचा देवऋषी, मग भिंतीवर रंगवलेली ‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात. ती पुडी चहात किंवा भाजीत कालवायची असते. तिच्यात काय असते ते बाईला ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे दारूविरोधी औषध डॉक्टर देतात, पण ते रुग्णाला सांगून, तपासून द्यायचे औषध आहे. ते पोटात असताना वर दारू पडली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. नवऱ्याला वाचवायला निघालेल्या बाईच्या हातून हे घडू नये, एवढी माहिती तरी पंचायतीच्या फळ्यावर असायला हवी.

माहिती अजिबात नाही असे नाही. ती विखुरलेली आहे. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे. एएच्या संकेतस्थळावर मीटिंगांच्या याद्या असतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारले तर जवळचा गट सांगतात. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. त्याच्या उभारणीला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मोठी देणगी दिली होती. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेली कृपा फाउंडेशन आहे. अशा केंद्रांतून उपचार घेऊन बाहेर पडणाऱ्यालाही गटाला धरून राहा, असेच सांगतात. आणि नेमके तिथेच गावाकडच्या माणसाचे गाडे अडते. उपचार घेऊन तो एसटीने गावी उतरतो, तेव्हा स्टँडवर जुने मित्र हजर असतात आणि मीटिंग चाळीस किलोमीटरवर असते.

चाळीस किलोमीटर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मीटिंग संध्याकाळी सातला, कारण तीच पिण्याची वेळ. सुटते साडेआठला. मुक्कामाची गाडी आठला निघून गेलेली. पाऊस, ऊसतोडीचा हंगाम, खुरपणी, लग्नसराई यांत आठवडे बुडतात. २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवर मीटिंगा होऊ लागल्या, त्यांनी कित्येकांना तारले हे खरे. पण दोन खोल्यांच्या घरात, सून आणि म्हातारी आई ऐकत असताना, माणूस मोठ्याने काय बोलणार? आणि रेंजसाठी टेकडीवर जाऊन शेअरिंग करायचे तर तिथे आधीच कुणीतरी बाटली घेऊन बसलेले असते.

पहिल्यांदा जाणाऱ्याची आणखी एक अडचण म्हणजे दार. पत्ता सापडला तरी माणूस इमारतीला वळसा घालतो, पानटपरीवर थांबतो आणि परत फिरतो. आत पोलीस पाटील असेल का, ओळखीचा निघाला तर काय, नाव लिहून घेतील का, पैसे मागतील का, रडावे लागेल का! त्याला कुणीतरी आधी सांगायला हवे, की दहा मिनिटे अगोदर जा, दारातल्याला ‘पहिल्यांदाच आलोय’ एवढेच सांग, आडनाव सांगू नकोस, बोलू नकोस, नुसता बस. आणि एका मीटिंगवरून ठरवू नकोस. चार-सहा मीटिंगा कर, मग ठरव. पहिल्या दिवशी कुणी सोबत आले तर बरेच. ही सोबत आशाताई करू शकते, शाळेचे गुरुजी करू शकतात. दारू सोडून दोन वर्षे झालेला गावातलाच एखादा असेल तर त्याच्याइतका चांगला सोबती नाही.

मीटिंगने सगळे होते, असे मी म्हणणार नाही. पहिली गोष्ट जिवाची. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर काही तासांतच हातपाय कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला येतेय असे वाटते. गावात याला बाहेरची बाधा समजतात आणि माणसाला देवऋषाकडे नेतात. ही बाधा नाही. हा आजार आहे, आणि वेळेवर उपचार न मिळाले तर त्यात माणूस दगावतो. अशा माणसाची जागा दवाखान्यात आहे. १०८ ला फोन करा. म्हणून आपली बाटली आडवी होईल त्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी कळवून ठेवणे, हेही पंचायतीचे काम आहे. दारू उतरवायचे काम डॉक्टरांचे, ती पुन्हा चढू नये यासाठी मीटिंग.

दुसरी गोष्ट पुराव्याची. २०२० साली कॉक्रेन या नामवंत संशोधन-जाळ्याने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. एएला नीट जोडून देणारे बारा पायऱ्यांचे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचे ठरले, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत काहीसे सरस. याचा अर्थ प्रत्येकाची सुटते असा नाही. काहीजण येतात आणि जातात, काही चौथ्या खेपेला टिकतात, काहींना औषधांनी किंवा समुपदेशनाने अधिक गुण येतो. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हा कार्यक्रम चालतो. त्यात गावाची संघटना, दारूबंदी आणि व्यसनी माणसावर उपचार हे सगळे एकत्र धरले आहे. मी एएबद्दल लिहिते ते मला तेच जवळून माहीत आहे म्हणून. तुमच्या खोलीत दुसऱ्या रीतीचा गट बसला तरी माझी हरकत नाही. खोली रिकामी राहू नये.

आता घरच्यांबद्दल. बिल विल्सनची बायको लोइस हिने १९५१ साली घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केले. १९५७ पासून मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणात बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तिथे बाईला पहिली गोष्ट कळते ती ही, की त्याची दारू तिच्यामुळे सुरू झालेली नाही आणि तिच्या रडण्याने, उपासाने किंवा बाटली फोडण्याने ती थांबणार नाही. ज्या बाईला वर्षानुवर्षे ‘तूच त्याला सांभाळून घ्यायला कमी पडलीस’ हे ऐकावे लागले, तिला हे कुणी मोठ्याने सांगणे ही केवढी गोष्ट आहे, ते तिलाच विचारा. त्याने सोडली नाही तरी तिला सावरता येते, मुलांना सावरता येते. तेव्हा एक वार त्याच्यासाठी दिलात तर दुसरा तिच्यासाठी द्या. आणि पिणाऱ्या बायकाही आहेत. त्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. त्यांना आशाताईमार्फत वेगळी वाट काढून द्यावी लागेल.

तर पंचायतीने करायचे काय? जागा द्या, पण फुकट देऊ नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण एएच्या बारा परंपरांपैकी एक अशी, की गट स्वतःच्या पायावर उभा राहील, बाहेरची देणगी घेणार नाही. म्हणून महिन्याचे पन्नास रुपये भाडे ठरवा आणि पावती द्या. त्यामुळे उपकार कुणाचा राहत नाही आणि उद्या पंचायतीत सत्ता बदलली तरी गट उठवता येत नाही.

वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका. लग्नाला हॉल हवा, प्रचारसभा आहे, म्हणून एकदा कुलूप दिसले तर नुसता कार्यक्रम रद्द होत नाही. एखादा माणूस परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. किल्ली दोघांकडे ठेवा. जागा अशी निवडा, की जिथे एरवीही लोक ये-जा करतात, म्हणजे कोण कशाला आला ते कळत नाही. वाचनालयाची मागची खोली याला उत्तम. कुण्या एका राजकीय गटाच्या पुढाऱ्याच्या इमारतीत नको. गावात गुप्तता कसली राहणार, असे तुम्ही म्हणाल. पिताना पाहिलेच आहे की सगळ्यांनी! पण पिणे दिसणे वेगळे आणि आतले बोललेले बाहेर फुटणे वेगळे. मी नाव लिहीत नाही ते याचसाठी; माझ्या नावावरून त्याचे नाव कळेल, आणि ते सांगायचे की नाही हा हक्क त्याचा आहे. ज्याला आपल्या गावात बसणे जड जाते त्याने शेजारच्या गावी जावे. म्हणूनच पाच-सहा गावांनी मिळून वार वाटून घेतले तर आठवडाभर कुठे ना कुठे दार उघडे राहील.

फळ्यावर चार ओळी लिहा: दारू सोडण्याची इच्छा असणाऱ्यांची मीटिंग, अमुक वार, अमुक वेळ, अमुक जागा. फी नाही. नाव सांगण्याची गरज नाही. खाली १४४४६ आणि १४४१६. त्याच चार ओळी उपकेंद्रात, रेशन दुकानात आणि एसटी थांब्यावर लावा. दवंडीऐवजी व्हॉट्सॲपवर टाकलेत तरी चालेल.

गट सुरू कोण करणार, याची काळजी तुम्ही करू नका. दोन-तीन पिणारे दारू सोडायला एकत्र बसले की एएचा गट होतो. तालुक्याच्या गटाला निरोप धाडा, तिथून माणसे येतील. दुसऱ्यापर्यंत निरोप पोचवणे हीच त्यांची बारावी पायरी आहे. तसे केले नाही तर त्यांचीच दारू पुन्हा सुरू होईल, अशी त्यांची धारणा असते.

आणि जे करायचे नाही तेही सांगते. उद्घाटन नको. फ्लेक्स नको, हार नको, फोटो नको. हजेरीपट मागू नका. घरकुलाच्या यादीसाठी किंवा कसल्या दाखल्यासाठी मीटिंगची अट घालू नका. धाकाने आणलेला माणूस खुर्ची अडवतो. १५ ऑगस्टला ‘व्यसनमुक्त’ म्हणून कुणाला मंचावर बोलावून नारळ देऊ नका. ज्याचा सत्कार झाला त्याची स्लिप झाली, तर तो लाजेने खोलीकडे फिरकणारच नाही. बंदीच्या मोर्चालाही गटाला ओढू नका. बाहेरच्या वादांत पडायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. मोर्चा तुमचा, खोली त्यांची.

शेवटची गोष्ट कडू आहे. पंचायतीच्या निवडणुकीत कोणत्या वस्तीवर किती पेट्या उतरतात, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. मतदानाआधीच्या दोन दिवसांत कागदावर कोरडा दिवस असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्षभर टिकलेला माणूस फुकटच्या ग्लासाने घसरतो. खोली द्यायची आणि निवडणुकीत पेटी उतरवायची, असे दोन्ही एका हाताने होणार नाही. यंदा तुमच्या पॅनेलने एवढे जरी पाळले, तरी त्या फळ्यावरच्या चार ओळींना अर्थ येईल.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठरावात जागा, वार, वेळ, भाडे आणि किल्ली कुणाकडे, एवढेच असू द्या. पहिल्या महिन्यात दोनच माणसे आली तरी कुलूप लावू नका. या चळवळीची सुरुवात दोघांनीच झाली होती. आणि हे पत्र वाचणाऱ्यांत स्वतःच्या घरात हे दुखणे असलेला कुणी सरपंच असेल, तर त्याला किंवा तिला एवढेच सांगते, की पदापायी लाजू नका, तालुक्याच्या मीटिंगला आजच्या आज जा. तिथे तुम्हाला सरपंच म्हणून कुणी ओळख विचारणार नाही.

आपली,
मीटिंगला जाणाऱ्या एका माणसाची बायको